मागून हाक मारली म्हणून

शुक्रवार, १० जानेवारी

सगळ्यात आधी आली ती शेजारची भवानीबाई. गाऊनवर शाल, पायात सुनेच्या चपला, आणि फाटकातूनच ओरडली, "बनूताई, तुम्ही तर कमालच केलीत!" मी रिक्षातून पुरती उतरलेसुद्धा नव्हते. तिच्यामागे समोरच्या चौहानांच्या दोघी सुना, मग इस्त्रीवाला, मग इस्त्रीवाल्याकडे कपडे घ्यायला आलेला कोणीतरी. सगळे हसत होते. इतका हसरा मोहल्ला मी दिवाळीलासुद्धा पाहिला नाही. सुरेखाने, म्हणजे आमच्या सूनबाईने, चहा टाकला नाही. मलाच म्हणावं लागलं, "अगं, माणसं आलीयेत." तर म्हणाली, "आई, आज नको." आज नको म्हणजे? सासू टीव्हीवर दिसली त्या दिवशी नको तर मग कधी?

आता नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या निम्मं विसरेन. मी शिकले चौथीपर्यंत, पण ही डायरी माझ्या मुलाला, रत्नाकरला, फॅक्टरीतून मिळाली, आणि तो म्हणाला, आई, तू सारखी बोलतेस त्यापेक्षा लिही. म्हणून लिहिते. बोलायचं काही कमी झालं नाही.

माझी नात किमया इथे देवासातच एका चॅनलवर नोकरीला आहे. केबलवर लागतो. दिवसभर सामान विकतात, साड्या, कुकर, कमरेचे पट्टे. समोर मधुवंती नावाची मुलगी बसते, ती आपल्यातलीच, पण तिथे हिंदीच बोलते. मग एखादा पाहुणा येतो, मला हे वापरून बरं वाटलं म्हणतो आणि उठून जातो. त्या पाहुण्याला आणून बसवायचं आणि वेळेवर उठवायचं हे किमयाचं काम. मला वाटायचं, यात काय ते काम! पण तेच अवघड, कारण जे होतं ते त्याच क्षणी घरोघरी दिसतं, पुसता येत नाही. दिवाळीत एक गृहस्थ उठले ते सरळ कॅमेऱ्यावर जाऊन आदळले. नंतर एक बाई कुकर काखोटीला मारूनच चालू लागल्या, त्यांना वाटलं दिलाच. मधुवंती आपली "बहनजी, बहनजी" करत राहिली. तेव्हा मालकांनी, उमाशंकरजींनी, किमयाला बजावलं की अजून एक पाहुणा असा गेला तर तू घरी बस.

आणि पोरीला तर मधुवंतीच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचंय. एवढीशी होती तेव्हा हातात पळी धरून आरशासमोर "नमस्कार दर्शकों" करायची. म्हणून या खेपेला परका पाहुणा नकोच म्हणून तिने मला नेलं. गुडघ्याचं तेल होतं, 'सुखगती' नावाचं. आधी आठवडाभर किमया रोज संध्याकाळी माझ्या पायाशी बसून ते चोळत होती. फरक पडला, खोटं का बोलू.

मला शिकवलेलं एवढंच. मधुवंती "धन्यवाद दादीजी" म्हणाली की उठायचं, डावीकडे जायचं, मागे बघायचं नाही. मी म्हटलं, एवढंच ना?

बोलणं झकास झालं. मी धारच्या अक्काचीसुद्धा आठवण काढली, म्हटलं माझ्या थोरल्या बहिणीचे गुडघे माझ्यापेक्षा खराब आहेत, तिलाही घ्यायला सांगणार. मधुवंती इतकी खूश! मग ती धन्यवाद म्हणाली. मी खुर्चीच्या हाताला धरून उठले, आई गं म्हटलं, ते सवयीचं आहे, आणि डावीकडे निघाले. चार पावलं गेले असेन, तोच ती मागून ओरडली, "दादीजी! माइक!" तो चिमटा माझ्या पदरालाच राहिला होता.

आता मागून हाक मारल्यावर माणूस पुढे कसा जाईल? परत आले, चपला काढल्या, बसले. आमच्याकडे हे पहिल्यापासून आहे. परत यायचं, टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्याने निघायचं. वडील सरकारात वसुलीला होते, धरमपुरीहून नावेने पलीकडे जायचे, तर आई काही द्यायचं राहिलं तरी हाक मारायची नाही, धावत जाऊन उपरणं ओढायची. एकदा अक्काने हाक मारली, तर वडील घाटावरून परत आले, बसले, पाणी प्याले, आणि तोवर नाव निघून गेली. अक्काने त्या दिवशी मार खाल्ला.

तर मी पाणी मागितलं. मधुवंतीने गोंधळून आपला कप पुढे केला, तर कपात काहीच नाही! एवढ्या थाटाने रिकामा कप घेऊन बसतात. शेवटी कोणीतरी बाटली आणली. प्याले, उठले, आई गं, निघाले. तर पुन्हा मागून, "दादीजी, चप्पल!" चपला टेबलाखालीच राहिल्या होत्या. आली का पंचाईत! पुन्हा बसले, पुन्हा पाणी, पुन्हा आई गं. मधुवंती हसते आहे की रडते आहे ते कळेना. मग डावीकडून किमया आली, माझा हात धरून मला घेऊन गेली. शहाणी पोर, हाक नाही मारली. सगळा वेळ मागचे फोन घणघणत होते. एवढ्या ऑर्डरी!

रिक्षात तिने डोळ्यांवर ओढणी घेतली. दमली असेल.

शनिवार, ११ जानेवारी

माझा व्हिडिओ निघाला. सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. दूधवाला फाटकातून "आई गंऽऽ" म्हणाला आणि पातेल्यात जरा जास्तच दूध घातलं. चौहानांचा धाकटा नातू तर खाली बसतो, आई गं म्हणून उठतो, पुन्हा बसतो. मी त्याला लाडू दिला. रत्नाकर घरी आल्यावर मी म्हटलं, बघितलंस का रे, तर म्हणाला, "बघितलं आई," आणि आंघोळीला गेला. या थंडीत संध्याकाळची आंघोळ!

किमया आज घरीच. शनिवारी तर त्यांची मोठी सेल असते. सुट्टी दिली म्हणाली. मी सुरेखाला विचारलं तर तिने कणीक मळता मळता डोळ्यांनीच सांगितलं की विचारू नका. आमच्या सूनबाईचे डोळे फार बोलतात, तोंड कमी.

सोमवार, १३ जानेवारी

भोगी. बाजरीच्या भाकरीला तीळ लावले, भाजीत हरभऱ्याचे घाटे, बोरं, सगळं. गाजरं इंदूरहून आलेली होती म्हणे, पण गोड नव्हती.

धारहून अक्काचा फोन. तिने शुक्रवारी टीव्ही लावला होता, पण मी पहिल्यांदा उठले तिथेच लाइट गेली म्हणे, त्यामुळे पुढचं काही बघितलं नाही. मी म्हटलं, अगं, मग तू खरी गंमत चुकवलीस. ती म्हणाली, "बनू, मी तीन बाटल्या मागवल्या. आणि इंदूरच्या डॉक्टरला कळवलं की ऑपरेशन नको."

अक्काचा उजवा गुडघा बदलायचा होता, याच महिन्याअखेरीस. तारीख मिळायला सहा महिने खटपट केली होती रत्नाकरने.

"तू टीव्हीवर सांगितलंस फरक पडला. मग मी कशाला चिरून घेऊ?"

पंचाहत्तर वर्षांत अक्काने माझं एकदाही ऐकलं नाही. लग्नकार्यात माझ्या हातचा चहासुद्धा पारखून प्यायची. आज ऐकलं. इतका आनंद झाला की मी फोन ठेवून सुरेखाला मिठीच मारली. ती पोळपाटासकट उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हे बरं झालं नाही." का, ते सांगेना. आता सगळे झोपले तरी मी जागीच आहे. घाट्यांनी असेल.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. पतंगांनी आकाश भरलेलं. गच्चीवर किमया एकटीच बसली होती, हातात पतंग ना मांजा. तिळगूळ दिला तर नुसता धरून ठेवला.

"आजी, तू काही चुकीचं केलं नाहीस हं."

मी म्हटलं, "ते मला माहीतच आहे."

तर हसली आणि मग रडायला लागली. मी काय चुकीचं बोलले?

गुरुवार, १६ जानेवारी

पाहुणे आले! आमच्याकडे आज हळदीकुंकू होतं, बायका येऊन गेल्या आणि मी वाणाच्या चहाच्या गाळण्या मोजत होते, तर पांढरी गाडी थांबली. उमाशंकरजी आणि मधुवंती. स्वतः! मी मधुवंतीला आधी हळदीकुंकू लावलं, गाळणी दिली. बाई खऱ्या उजेडात जास्त गोड दिसते, टीव्हीत फार पावडर असते. उमाशंकरजींनी वाकून नमस्कार केला, "मांजी, मांजी" म्हणत. हॉल भरून बसले. रत्नाकर नेमका घरी होता, तो भिंतीला टेकून उभा राहिला, बसला नाही.

उमाशंकरजी म्हणाले, "मांजी, आप तो स्टार हो गईं. पण एक गडबड आहे. लोक बाटल्या परत पाठवतायत."

मी म्हटलं, एवढ्या कडाक्यात तेल थिजलं असेल, उन्हात ठेवायला सांगा.

ते हसले. मग म्हणाले की मी पुन्हा एकदा यावं. फार काही नाही, बसायचं, दोन शब्द बोलायचे, आणि उठून चालत जायचं. "बस उठते वक्त आवाज नहीं, मांजी. मुस्कुरा के." आणि खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. निघायच्या आधी एक घ्या, काही त्रास होणार नाही. परक्या माणसाने इतकी काळजी करावी! माझा मुलगा बघा भिंतीला टेकून.

आणि मग ते म्हणाले की किमयाने ऑफिसला परत यावं. आणि नुसती पाहुणे उठवायला नाही. मधुवंतीशेजारी, दुसऱ्या खुर्चीत. कॅमेऱ्यासमोर.

किमया स्वयंपाकघराच्या दारात होती. तिचा चेहरा असा झाला, जसा दहावीच्या निकालाला झाला होता, म्हणजे आधी पांढरा आणि मग लाल. मी लगेच म्हटलं, "येईन की! त्यात काय!" सुरेखाच्या हातातून गाळणी पडली.

उमाशंकरजी फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा मधुवंती माझ्या जवळ सरकली आणि एकदम मराठीत म्हणाली, "आजी, खरंच फरक पडला होता का हो?"

"पडला की. रोज संध्याकाळी किमया चोळायची ना, तासभर. गप्पा मारायची. पाय हलके व्हायचे."

"आणि तुम्ही स्वतः चोळलं तर?"

"मी कशाला चोळू? वाकता येतं का मला?"

ती दाराबाहेर उमाशंकरजींकडे बघत राहिली. तिळाची वडी हातात तशीच. कुंकू जरा नाकावर सांडलं होतं, ते मी पदराने पुसलं. दिवस कळवतो म्हणून गेले.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज सकाळी चहानंतर मी त्यातली एक गोळी घेतली. म्हटलं आधी सवय करून बघू, ऐनवेळी चक्कर आली तर पोरीची फजिती. आणि काय सांगू! नऊ वाजेपर्यंत गुडघे आहेत की नाहीत तेच कळेना. गच्चीवर जाऊन कपडे वाळत घातले, खाली आले, पुन्हा वर गेले, उगाचच. भवानीबाईकडे जाऊन तिच्या मांडीशी मांडी लावून बसले आणि तशीच उठले. ती म्हणाली, "अगबाई, आई गं कुठे गेलं?" वाटलं टेकरीवर देवीला पायी जाऊन यावं. सुरेखाने जाऊ दिलं नाही.

चार वाजता सगळं परत आलं, आणि व्याजासकट. आता बिछान्यात पडून लिहिते आहे.

तेलाची बाटली खिडकीत आहे, तिचं झाकण मी आठवड्यात उघडलेलं नाही. किमया टीव्हीच्या दिवसापासून चोळायला बसत नाही. म्हणजे आज जे गेलं ते गोळीने गेलं. मग मी टीव्हीवर न कण्हता उठेन, आणि मधुवंती तेलाची बाटली वर धरेल. आणि बघणारी बाई काय समजेल?

सुरेखाला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, आई?"

मला वाटतं ते जुळत नाही, एवढंच. डोक्यात कोणीतरी लोकरीचा गुंता करून ठेवलाय.

शनिवार, १८ जानेवारी

किमया आज हसली. परवा पाहुणे गेल्यावर ती म्हणाली होती, आजी, तू जाऊ नको. पण काल मालकांनी तिला नव्या खुर्चीचा फोटो पाठवला, निळी मखमल आहे. ती संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, एकदाच. मग पुन्हा कधी म्हणणार नाही."

मी म्हटलं, मी तर येतेच म्हटलंय.

हॉलमध्ये तालीम केली. गोळी नव्हती घेतली, म्हणून जरा दात आवळावे लागले. "आजी, हसत ऊठ." उठले. "आजी, दात नाही दाखवायचे, हसायचं." मग ती स्वतः आरशासमोर उभी राहून बोलून बघत होती, केस कानामागे घेऊन, आणि इतकी देखणी दिसत होती, इतकी स्वच्छ बोलत होती, की मी गुडघा विसरले. बापाने तिला फॅक्टरीच्या ऑफिसात चिकटवायचं ठरवलं होतं. तिथे ही काय बोलणार, आणि कोणाशी?

मला ते न जुळणारं आठवत होतं, पण मी काही बोलले नाही. तिच्या आनंदावर पाणी कोण ओतेल?

रविवार, १९ जानेवारी

दुपारी अक्काचा फोन. आवाज चिडलेला. तेल येऊन तीन दिवस झाले, लावते आहे, काही नाही.

"बनू, तुला किती दिवसांनी फरक पडला?"

मी म्हटलं, सांगते. आणि मला सांगताच येईना. तेल म्हणू की गोळी म्हणू की चोळणं म्हणू? एक धरावं तर दुसरं सुटतं. मी गोंधळले, खरंच गोंधळले, म्हणून शेजारी किमया बसली होती तिच्या हातात फोन दिला. म्हटलं, "तू सांग गं अक्काआजीला. तुला नीट माहीत आहे, आणि तू नीट बोलतेस. तेलाने फरक पडला म्हणून सांग."

किमयाने फोन कानाला लावला. मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं, अक्का धारहून बोलते ते फोन नसतानासुद्धा देवासला ऐकू येईल.

"बोल बाळ. कसं लावलंस हिला? वरून खाली की गोल?"

किमया म्हणाली, "गोल."

"मी तेच करते. पण वाकलं की कंबर धरते. खालपर्यंत हात पोचत नाही. तू चोळायचीस ना हिला? बनू म्हणाली टीव्हीवर, नात चोळते. माझ्याकडे चोळायला कोण आहे? बरं, ते जाऊ दे. किती दिवस लावू, तेवढं सांग. तू म्हणशील तेवढे दिवस लावीन."

 मी किमयाला कोपराने ढोसलं, म्हटलं बोल की, महाग कॉल आहे, जरी आता फुकटच असतात. तिने डोळे मिटले.

"अक्काआजी, लावू नका. ऑपरेशनची तारीख परत घ्या."

"म्हणजे?"

"तेलाने काही होत नाही. आजीला बरं वाटायचं ते... ते मी बसायचे म्हणून. मी येते तुमच्याकडे. बाबांना सांगून डॉक्टरशी बोलते. मी येते उद्याच."

 अक्का म्हणाली, "बनूला दे." मी घेतला. मला वाटलं आता शिव्या. तर म्हणाली, "तुझी नात खरं बोलली. तू का नाही बोललीस?"

मी म्हटलं, "अक्का, मला कळलंच नव्हतं."

"तेवढं मात्र मला पटतं," म्हणाली आणि ठेवला.

मग किमयाने लगेच उमाशंकरजींना फोन लावला, जसं कडू औषध एकदम गिळून टाकतात तसं. आजी येणार नाही, आणि मीपण नाही. ते नुसते हसले. म्हणाले, "बेटा, मांजी ने जबान दी है. मैं खुद गाड़ी ले के आता हूँ, मंगल को." आणि वर म्हणाले, खुर्ची तशीच ठेवतो, विचार कर. किमयाने फोन पालथा ठेवला आणि माझ्या पायाशी येऊन बसली. तेल नाही, काही नाही, नुसता कोरडा हात. मी विचारलं, "ती निळी खुर्ची हवी होती ना गं तुला?"

"हवी आहे आजी," म्हणाली. होती नाही म्हणाली, आहे म्हणाली.

रत्नाकर खोलीत आला, आमच्याकडे बघितलं, आणि आज पहिल्यांदा बसला.

सोमवार, २० जानेवारी. धार

सकाळच्या बसने आलो, मी आणि किमया. अक्काने दारातच मला बघून विचारलं, "तू कशाला आलीस, गुडघे घेऊन?" आणि किमयाला मात्र कुरवाळलं. रत्नाकरने डॉक्टरला फोन केला, ते म्हणाले जागा भरलेली आहे, पण बुधवारी दाखवायला आणा, बघू. बघू म्हणजे काय ते कळत नाही. किमया म्हणते, म्हणजे होईल. ती आत अक्काचा पाय मांडीवर घेऊन बसली आहे आणि अक्का ओरडते आहे, "अगं, एवढं जोरात नको, मी काय तुझी आजी आहे?" मला बाहेर हसू येतंय आणि जरा हेवाही वाटतोय.

पोरीची खुर्ची गेली, हे आता मला पुरतं कळलंय. ती माझ्या उठण्याबसण्याने गेली की फोनने, ते अजून कळत नाही. तिला विचारलं तर म्हणते, आजी, विचार करू नको. मग करणार काय दुसरं, इथे अक्काचा टीव्हीपण बंद आहे.

एक मात्र लागून राहिलंय. पाहुण्यांनी येतो म्हणून सांगितलं आणि मी घरी नाही, असं आजवर कधी झालं नाही. भवानीबाईकडे तिळगुळाचा डबा ठेवून आलेय, गाडी आली की दे म्हटलं. काय सांगायचं ते तिने विचारलं, मला सुचलं नाही. म्हटलं, धारला गेल्या सांग, बहिणीकडे, आणि बसवून चहा दे.

उमाशंकरजी उद्या येतो म्हणालेत. मंगळवार, एकवीस तारीख.